पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात बारावीनंतरच्या वाटांबद्दल लिहिताना आर्किटेक्चरवर मी जेमतेम चार ओळी टाकल्या होत्या, आणि नेमक्या त्याच चार ओळींवर एवढी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले, तुम्ही स्वतः हेच करता ना, मग उत्तरंही तुम्हीच द्या. तर देतोय. आधीच सांगतो, मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो, घरं, दोनचार शाळा, एक मंगल कार्यालय, आणि आठवड्यातून एक दिवस कॉलेजवर शिकवायला जातो. मुंबईतल्या काचेच्या ऑफिसातून हेच सगळं वेगळं दिसत असेल. मला जे दिसतं ते लिहितो.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, ड्रॉइंग खूप छान, इंटरमिजिएटला ए ग्रेड. तिला आर्किटेक्ट व्हायचंय पण घरात सगळे म्हणतात सिव्हिल कर, तेच असतं. नाटा द्यायची की जेईई? खर्च झेपेल का? – एक आई, बार्शी

ताई, पहिलं म्हणजे ‘तेच असतं’ हे खोटं आहे, आणि ते कोणी म्हटलं असेल ते मला न सांगताही कळलं, प्रत्येक घरात एक काका असतात. सिव्हिलवाला बिल्डिंग उभी कशी राहील ते बघतो, आर्किटेक्ट त्या बिल्डिंगमध्ये माणूस कसा राहील ते बघतो, दोघं एकमेकांवाचून अडतात पण अभ्यास वेगळा, परीक्षा वेगळी, आणि पुढची नोंदणीही वेगळी.

बी.आर्क. पाच वर्षांचं असतं, त्यातलं एक सेमिस्टर एखाद्या ऑफिसात ट्रेनिंग. प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच, तिसरा विषय केमिस्ट्री असो किंवा कॉम्प्युटर सायन्स वगैरे दिलेल्या यादीतला. टक्क्यांची अट २०२० च्या नियमांत ५० होती, नंतर ती ४५ वर आणली, म्हणजे हे बदलत असतं, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या वेळचं ऐकू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून वाचा.

आता नाटा की जेईई. नाटा ही फक्त आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, देशभरातल्या आर्किटेक्टांची नोंदणी करणारी आर्किटेक्चर कौन्सिल ती घेते, २०० मार्कांची, त्यातले ८० कागदावर हाताने काढायच्या ड्रॉइंगला आणि १२० कॉम्प्युटरवरच्या प्रश्नांना. ड्रॉइंगमध्ये एक रंगाचं कॉम्पोझिशन, एक पेन्सिलचं स्केच, आणि तिसरं म्हणजे दिलेल्या साहित्यातून हाताने त्रिमितीय काहीतरी उभं करायचं. जेईई मेनचा पेपर २ए हा वेगळा, ४०० मार्कांचा, गणित १००, ॲप्टिट्यूड २००, ड्रॉइंग १००. नागपूरचं व्हीएनआयटी किंवा दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) हवं असेल तर हाच पेपर लागतो, नाटा तिथे चालत नाही. राज्यातल्या कॉलेजांना सीईटी सेलमार्फत जो प्रवेश होतो त्याला दोन्हीपैकी कुठलाही स्कोअर चालतो. खरगपूर, रुरकी आणि बनारस या तीन आयआयटींमध्ये बी.आर्क. आहे पण तिथे जेईई ॲडव्हान्स्ड पास होऊन वर एएटी नावाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. माझं मत विचाराल तर गणित बरं असेल तर दोन्ही द्यावं, तयारी बरीचशी एकच असते.

ए ग्रेडबद्दल. दहावीला त्याचे ७ मार्क वाढून मिळाले असतील, आनंद आहे, पण नाटाला ते कोणी विचारत नाही. आणि हात सुटलेला असणं वेगळं, डोळा बघायला शिकणं वेगळं. माझ्याकडे अशीच एक ए ग्रेडवाली मुलगी आली होती, तिला म्हटलं, तू एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसलीस, बाहेर पाऊस, समोर गर्दी, काढ. तिने शेडिंग असं केलं की मला लाज वाटावी, पाणी खरंच ओलं दिसत होतं, पण लांबची माणसं कुठे हवेत तरंगतायत, कुठे जमिनीत गेलेली. बाकड्यावर बसल्यावर आपला डोळा साधारण उभ्या माणसाच्या पोट-छातीच्या उंचीला येतो, मग क्षितिजाची रेघ जवळच्या माणसाच्याही छातीतून जाणार आणि लांबच्याच्याही, लांबचा नुसता लहान होणार. एवढं तिला एकदा सांगितलं, पुढच्या कागदावर गर्दी जमिनीवर उतरली. क्लास लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण रोज एक कागद, समोर जे दिसेल ते, भाजी मंडई, कुकर, पायरीवरच्या चपला, हे सहा महिने केलं तर क्लासइतकाच फरक पडतो असं माझं मत आहे, क्लासवाले चिडतील.

खर्च. सरकारी जागा महाराष्ट्रात बोटावर मोजण्याइतक्या. मुंबईचं सर जे. जे. आहे, ते २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय, म्हणून तिथला प्रवेश कसा चाललाय ते त्या वर्षीचं बघा. नागपूरचं व्हीएनआयटी केंद्राचं. बाकी बहुतेक खाजगी. पण तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट, जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने जीआर काढला, आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. अट म्हणजे प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सूट गेली. अर्ज महाडीबीटीवर, उत्पन्नाचा दाखला आत्तापासून काढायला घ्या कारण जून-जुलैत सेतू केंद्रात अख्खा तालुका रांगेत असतो.

फी माफ झाली तरी वरचा खर्च आहे बरं का. शीट, ट्रेसिंग, सनबोर्ड, माउंटबोर्ड, प्रिंट, आणि तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत दणकट लॅपटॉप, साधा चालत नाही, थ्रीडी रेंडर लावला की विमानासारखा आवाज करत बंद पडतो. सबमिशनच्या आदल्या रात्री मुलगी झोपणार नाही, बोटाला कटर लागलेला असणार, केसात फेविकॉल. तेव्हा काका परत म्हणतील सिव्हिल केलं असतं तर. म्हणू द्या.

आणि प्रवेश घेण्याआधी एकच काम, पण ते कराच, कॉलेज कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि त्या वर्षी किती जागांना मान्यता आहे, हे कौन्सिलच्या साइटवर स्वतः बघा. कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सवर विश्वास ठेवू नका. मान्यता नसलेल्या ठिकाणाहून पाच वर्षं शिकलं तरी पुढे नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर आर्किटेक्ट नाही, याबद्दल खाली येतंच आहे.

प्रश्न : माझं बारावीला बायोलॉजी होतं, मॅथ्स सोडलं होतं. नीटमध्ये नाही लागलं. आर्किटेक्चर चालेल का? – लातूर

मॅथ्सशिवाय नाही चालत. मॅथ्स घेऊन परत परीक्षा देता येते का ते बोर्डाच्या नियमांत बघ. नाहीतर इंटिरिअर डिझाइन आहे, तिथे अशी अट बहुतेक ठिकाणी नसते आणि त्या धंद्याला कौन्सिल-बिन्सिल काही नाही. पण नीट गेलं म्हणून हे, असं असेल तर जरा थांब. एखाद्या चालू साइटवर आठ दिवस जाऊन उभा राहा, स्लॅबच्या दिवशी तर नक्की. आवडलं तर गणिताचं बघू.

प्रश्न : पॉलिटेक्निकमधून आर्किटेक्चरचा तीन वर्षांचा डिप्लोमा संपतोय. इंजिनिअरिंगवाले डिप्लोमानंतर थेट सेकंड इयरला जातात, आम्हालाही तसं मिळतं ना? – इचलकरंजी

नाही मिळत. मलाही हे बरोबर वाटत नाही, पण नियम असाच आहे. बी.आर्क.ला थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश नाही, डिप्लोमावाल्यालाही पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं, डिप्लोमा फक्त बारावीच्या जागी धरतात, तोही त्यात गणित असेल तर, आणि नाटा किंवा जेईई द्यायचीच. म्हणजे दहावीनंतर तीन अधिक पाच, आठ वर्षं. बारावीवाल्याची सात.

पण एक सांगतो, वर्गात डिप्लोमाची पोरं मला लगेच ओळखू येतात. पहिल्या सेमिस्टरला बाकीची मुलं वीट कशी लावतात ते पुस्तकात शोधत असतात आणि तुमच्या हातून इंग्लिश बाँडचा कोपरा न बघता निघतो. अडचण दुसरीच येते. तुम्हाला ‘असंच करतात’ ही सवय लागलेली असते आणि डिझाइनच्या ज्युरीला विचारतात ‘असंच का?’, तिथे डिप्लोमावाला गप्प बसतो. ती सवय मोडायला एक वर्ष जातं. ते वर्ष फुकट गेलं असं समजू नका.

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर, १४ वर्षं प्लॅन करतोय, नगरपालिकेचं लायसन्स आहे. ऑफिसच्या पाटीवर ‘आर्किटेक्ट अँड इंजिनिअर’ असं आहे, लोकांना तेच कळतं. आता कोणीतरी तक्रार केलीय. माझं काम बंद होईल का? – सातारा जिल्हा

साहेब, काम बंद होणार नाही. पाटी मात्र आजच उतरवा, उद्या नको.

दोन गोष्टी लोक एक करतात. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ चा. त्याचं कलम ३७ म्हणतं की कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या माणसालाच आर्किटेक्ट ही उपाधी आणि ही शैली वापरता येईल. फर्म असेल तर तिचे सगळे भागीदार नोंदलेले हवेत, एक आर्किटेक्ट आणि तीन इतर अशी भागीदारी करून पाटी लावली तरी ती चुकीचीच. लँडस्केप आर्किटेक्ट आणि नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे जहाजवाले, यांना कायद्यानेच सूट दिलीय. (सॉफ्टवेअर आर्किटेक्ट १९७२ ला जन्मलेच नव्हते, त्यांचं काय करायचं ते कायद्याला अजून सुचलेलं नाही, माझा भाचा पुण्यात सोल्युशन आर्किटेक्ट आहे आणि त्याचा पगार माझ्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त आहे, असो.)

पण उपाधी राखीव आहे म्हणजे कामही राखीव आहे का? यावर वर्षानुवर्षं भांडण चाललेलं, ते १७ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. प्रकरण नोएडा प्राधिकरणातलं, तिथे आर्किटेक्चरची डिग्री नसलेल्या माणसाला बढतीने ‘असोसिएट आर्किटेक्ट’ केलेलं. कोर्टाने सांगितलं, कलम ३७ नावापुरतं आहे, नोंदणी नसलेल्याने डिझाइनचं काम करायला हा कायदा मनाई करत नाही, पण ज्या पदावर नोंदणी नसलेला माणूस बसतो त्या पदाच्या नावात आर्किटेक्ट हा शब्द ठेवता येणार नाही. आमच्या बिरादरीला हा निकाल फारसा आवडला नाही. मला विचाराल तर तो कायद्यात जे लिहिलंय तेच वाचतो, तक्रार करायची तर कायदा लिहिणाऱ्यांवर करा.

म्हणजे तुम्ही प्लॅन करा, नगरपालिकेने तुम्हाला लायसन्स दिलंय त्यात जेवढं बसतं तेवढं सही करा. राज्यात मुंबई सोडून बहुतेक ठिकाणी २०२० पासून यूडीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे, त्यात इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर या सगळ्यांची पात्रता आणि कोणी किती काम करायचं ते परिशिष्टात दिलंय, मुंबईत त्याच धर्तीवर लायसन्स्ड सर्व्हेअर असतात. कौन्सिलकडे नोंदलेल्या आर्किटेक्टला पालिकेचं वेगळं लायसन्स लागत नाही, फरक तो.

शिक्षा किती, तर मूळ कायद्यात पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत दंड, परत तेच केलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. ५०० रुपये वाचून हसू येतं खरं, पण तुम्हाला त्रास दंडाचा होणार नाही, ज्या दिवशी एखाद्या मालकाचं तुमच्याशी फीवरून वाजेल त्या दिवशी त्याचा वकील तुमच्या पाटीचा फोटो काढून नेईल, आणि मग १४ वर्षांचं चांगलं काम बाजूला राहून चर्चा पाटीची होईल.

आमच्या गावात असंच एकांनी पाटी बदलायची ठरवली, पेंटरला सांगितलं नुसतं ‘आर्किटेक्ट’वर रंग मार. त्याने मारला, पण ‘अँड’ तसाच ठेवला. दोन वर्षं पाटी ‘अँड इंजिनिअर’ अशी होती, सगळा गाव वाचून जायचा. त्यांच्याकडे कामं मात्र तेवढीच आली, एकही कमी झालं नाही. तुमचंही होणार नाही.

प्रश्न : फायनल इयरचा थिसिस झाला, रिझल्ट येईल. डॉक्टरांसारखी किंवा वकिलांच्या बार परीक्षेसारखी आपल्याकडे लायसन्सची परीक्षा असते का? नोंदणी लगेच करावी की नोकरी लागल्यावर? – नाशिक

परीक्षा नाही. डिग्री मान्यताप्राप्त कॉलेजची असेल तर कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज, कागदपत्रं, फी, आणि नंबर येतो. सीए, मग तिरकी रेघ, वर्ष, तिरकी रेघ, आकडा. आता यापुढे आयुष्यभर प्रत्येक प्लॅनवर, प्रत्येक दाखल्यावर नावाखाली तो लिहायचा. म्हणजे कायद्याच्या नजरेत काल थिसिस दिलेला तू आणि तीस वर्षं प्रॅक्टिस केलेला मी, दोघं सारखेच आर्किटेक्ट. हे चांगलं की वाईट यावर आमच्यात वाद चालू असतो. मी त्या वादात असं म्हणतो की परीक्षा नको, पण ट्रेनिंग एका सेमिस्टरऐवजी नीट दोन वर्षं हवं, कारण पाच वर्षांत पोरांनी सातबारा बघितलेला नसतो. मोजणीच्या नकाशावर खुणा कशा वाचायच्या, बिनशेती झालीय का, समोरचा रस्ता डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, किती रुंद दाखवलाय, सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या कडेने मोकळी ठेवायची जागा, सोडल्यावर हातात काय उरतं, हे कोणी शिकवतच नाही, आणि तालुक्यात निम्मं काम हेच असतं.

नोंदणी लगेच कर. नोकरीसाठी नंबर लागतोच असं नाही पण काढून ठेव. आणि नूतनीकरण विसरू नकोस. मी विसरलोय, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी घर बदललं, मेल दुसऱ्याच आयडीवर जात होते, आणि माझं नूतनीकरण राहून गेलं. मला पत्ताच नाही, मी आपला सह्या करतोय. एका शिक्षक दांपत्याच्या घराची भोगवट्याची, म्हणजे राहायला जायच्या परवानगीची, फाईल टाकली, गृहप्रवेशाची तारीख ठरलेली, आचारी सांगितलेला, आणि फाईल परत, कारण काय तर तुमची नोंदणी चालू नाही. घरात काही खोट नव्हती, मार्जिन बरोबर, जिना बरोबर, खोट माझ्यात. दंड भरून नाव परत लावून घेईपर्यंत मुहूर्त गेला. त्यांनी वास्तुशांत केली पण राहायला गेले दीड महिन्याने, आणि त्या दीड महिन्याचं भाडं मी दिलं. त्या बाई अजूनही रस्त्यात भेटल्या की आधी विचारतात, सर, यंदाचं भरलं का?

प्रश्न : मुलाचं बी.आर्क. पुण्यात चालू आहे. न्यू जर्सीतले मेहुणे म्हणतात इथे येऊन एम.आर्क. केलं की झालं, लगेच आर्किटेक्ट. खरंच एवढं सोपं आहे? – सांगली

मेहुण्यांचं आमंत्रण प्रेमाचं आहे, माहिती अर्धी आहे.

आपल्याकडे डिग्री झाली की नोंदणी. अमेरिकेत डिग्री ही पहिली पायरी, मग अनुभव, मग परीक्षा, आणि लायसन्स देशाचं नसतं, ज्या त्या राज्याचं असतं. अनुभवाचा जो ठरलेला कार्यक्रम आहे, एएक्सपी म्हणतात, त्यात ३,७४० तास नोंदवावे लागतात, तेही सहा वेगवेगळ्या प्रकारच्या कामांत वाटून, नुसतं रेविट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर बसून भरत नाहीत. परीक्षेचे सहा भाग, वेगवेगळे द्यायचे. नोकरी सांभाळून हे सगळं करायला लोकांना वर्षं लागतात, आणि तोपर्यंत तिथेही स्वतःला नुसतं आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.

आता यातली खाच. तिथे दोन तऱ्हेची एम.आर्क. असतात. एक व्यावसायिक, नाब नावाच्या संस्थेची मान्यता असलेली, लायसन्सच्या वाटेवर तीच थेट चालते. दुसरी ज्यांची बी.आर्क. आधीच झालीय त्यांच्यासाठीची पुढची, वर्ष-दीड वर्षाची, तिला ही मान्यता नसते. आपली मुलं वेळ आणि पैसे वाचतात म्हणून दुसरी घेतात, पदवीवर नाव तेच, एम.आर्क., आणि नंतर कळतं की लायसन्ससाठी पुण्याची डिग्री नाबकडूनच तपासून घ्यावी लागणार, त्यात काही विषय कमी निघाले तर ते भरून काढावे लागणार. दुसरी घेऊ नका असं नाही, शिकायला ती चांगलीच असते, पण कर्ज काढण्याआधी कुठली घेतोय हे माहीत हवं. इंग्लंडची तऱ्हा आणखी वेगळी, पार्ट १, २, ३ असे टप्पे, आर्किटेक्ट हे नाव तिथेही कायद्याने राखीव, आणि आपल्या डिग्रीला तिथे आपोआप मान्यता नाही.

आणि मुलाला तिकडेच राहायचंय का हे आधी त्याला विचारा, मेहुण्यांना नको. कोकणातल्या आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदे जे. जे.मधून हार्वर्डला गेले, वॉल्टर ग्रोपियस या नामवंत आर्किटेक्टकडे शिकले आणि परत येऊन कानपूरची आयआयटी बांधली. जाणं म्हणजे राहणंच असतं असं नाही.

प्रश्न : मी ऑनलाइन वास्तुशास्त्राचा सहा महिन्यांचा कोर्स केलाय. सर्टिफिकेटवर ‘वास्तुविशारद’ लिहिलंय. नोंदणी होईल का? – नाव नको

नाही होणार. मराठीत आमची सगळ्यात मोठी पंचाईत हीच आहे. सरकारी कागदावर आम्ही वास्तुशास्त्रज्ञ, जुन्या मासिकांत वास्तुविशारद, आणि लोक घरी येऊन विचारतात देवघर ईशान्येला घेऊ का. मी घेऊ म्हणतो, ईशान्येला सकाळचं ऊन येतं, देवालाही बरं आणि आजीलाही.

प्रश्न : मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन, २२ वर्षं एका साहेबांच्या ऑफिसात आहे. साहेब आता साइटवर येत नाहीत, प्लॅनपासून डिटेलपर्यंत सगळं मी करतो, सही त्यांची. नाटाच्या अभ्यासाला बसायचं माझं वय गेलं. अनुभवावर नोंदणी होते का? सोबत एका जिन्याचा डिटेल पाठवलाय, बघावा. – कोल्हापूर जिल्हा

मामा, मामा म्हणतो कारण आमच्या ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनलाही मी मामाच म्हणायचो आणि मला सेक्शन काढायला कॉलेजने कमी आणि त्यांनीच जास्त शिकवलं.

अनुभवावर नोंदणी होत होती, एकदा. १९७२ चा कायदा आला तेव्हा डिग्री नसलेले पण निदान पाच वर्षं आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिस केलेले जे लोक होते त्यांना नोंदवून घ्यायची सोय ठेवली होती, कारण देशभर अशीच माणसं बिल्डिंगा बांधत होती. पण ती सोय तेव्हाच्या माणसांपुरती होती, दार बंद झालंय. आता मान्यताप्राप्त डिग्रीशिवाय वाट नाही, तुमची २२ वर्षं काय आणि ४० वर्षं काय, कायदा मोजत नाही. लिहिताना बरं वाटत नाहीये पण खोटी आशा देऊन काय उपयोग.

एक वाट आहे, छोटी. पालिकेचं सुपरवायझरचं लायसन्स. आयटीआयच्या सिव्हिल ड्राफ्ट्समनलाही, ठराविक वर्षांचा अनुभव असेल तर, ते मिळू शकतं, लहान प्लॉटवरच्या घरांपुरतं. आर्किटेक्ट लिहायचं नाही, पण स्वतःच्या नावाने सही होते. यूडीसीपीआरचं परिशिष्ट क बघा, आणि आयटीआयचं सर्टिफिकेट आणि साहेबांकडून अनुभवाचा दाखला घेऊन पालिकेच्या बांधकाम विभागात जा. दाखला साहेब ऑफिस चालू असताना देतील, बंद झाल्यावर तो मिळवणं फार अवघड, म्हणून याच महिन्यात मागा. लाजू नका.

आणि जिना बघितला. मधल्या लँडिंगखालून मागच्या अंगणात जायचा दरवाजा मालकाला हवाय, आणि सरळ नऊ-नऊ पायऱ्या घेतल्या असत्या तर लँडिंग दीड मीटरवर आलं असतं, माणूस वाकून गेला असता. तुम्ही १६५ मिलिमीटर उंचीचे १४ रायझर, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या चढी, खाली घेतले आणि वर फक्त ४, लँडिंग २३१० वर नेलं, बीम स्लॅबच्या खाली न लोंबवता उलटी वर काढली, १५० चा स्लॅब वजा करून २१६० स्वच्छ. माझ्या चौथ्या वर्षाच्या वर्गात परवा हाच प्रश्न घातला होता, अठरा जणांत दोघांना सुटला. एकच बघा, एका दमात १४ पायऱ्या, घरात म्हातारं माणूस असेल तर कठडा दोन्ही बाजूंना द्या, तुम्ही एकाच बाजूला दाखवलाय.